लिनक्स मारून द्या, दादा

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार
लिनक्स मिंट २२.२ आज आलं. टोपणनाव झारा. २०२९पर्यंत अपडेट मिळतील. फाइल जवळजवळ तीन जीबीची. रात्री डाउनलोडला लावून झोपायचं. मंडळाचा डीजे सुरूच आहे, म्हणजे झोपेचं तसंही अवघडच.

५ सप्टेंबर, शुक्रवार
फाइल उतरली. फाइलचा चेकसम साइटवरच्या आकड्याशी जुळवला. चौसष्ट अक्षरं, एकही इकडचं तिकडे नाही.
२०१६च्या फेब्रुवारीत मिंटच्या साइटमध्ये कुणी घुसलं होतं. खऱ्या फाइलच्या जागी चोरदरवाजा असलेली फाइल ठेवली. त्या दिवशी ज्यांनी उतरवली आणि जुळवून पाहिली नाही, ते फसले. शिकायला येणाऱ्यांना हे पहिलं सांगायचं. कंटाळतील. तरी सांगायचं.

७ सप्टेंबर, रविवार
काल बाप्पा गेले. आमचं सायखेडा आज उशिरा उठलं.
दुकानाच्या शटरवर कागद डकवला: जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. रविवारी दुपारी या. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणा. लिनक्स तुम्हीच टाकायचं, मी शेजारी बसेन. पैसे नाहीत.

८ सप्टेंबर, सोमवार
एकाने विचारलं, "फुकट? मग आत काय टाकलंय?"
दुसरा चांदोरीहून आलेला. "दादा, तेवढं लिनक्स मारून द्या. संध्याकाळी नेतो." म्हटलं, मी मारून देत नाही, तुम्ही मारायचं. म्हणाला, "मग तुमचं दुकान कशाला?" गेला.
विंडोज मारून द्या, फॉरमॅट मारून द्या. वर्षानुवर्षं तेच केलंय. लोक मशीन सोडून जातात, पैसे देऊन नेतात. सहा महिन्यांनी तेच मशीन, तीच तक्रार.

१४ सप्टेंबर, रविवार
सर आले. हायस्कूलला गणित शिकवतात. लॅपटॉप २०१४चा, इंटेलचा चौथ्या पिढीचा, रॅम चार जीबी. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० लागतं. दोन्ही नाही. मशीन ठणठणीत आहे.
आधी बॅकअप. सरांच्या मते महत्त्वाचं काहीच नव्हतं. मग दहा वर्षांचे पेपर निघाले, मुलीच्या लग्नाचे फोटो निघाले.
पेन ड्राइव्हवरून चालू करायची किल्ली: डेलला एफ१२. एचपीला एस्केप, मग एफ९. लिनोव्होला एफ१२. असूसला एस्केप. ही यादी भिंतीवर लावायला हवी.
पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालू झालं. अर्धा तास नुसतं खेळू दिलं. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, झाकण मिटून उघडलं की जागं होतं का. इथवर डिस्कला धक्का लागत नाही, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं.
'इरेज डिस्क'च्या पानावर हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तर पान तेच. पुन्हा बाहेर. दुसऱ्यांदा आलो तेव्हा नकाशा दिसत होता.
"अहो, हे कोलकाता दाखवतंय."
म्हटलं, भारताची वेळ त्याच नावाने आहे. पुढे चला.
"सायखेडा नाही?"

१५ सप्टेंबर, सोमवार
सरांचा फोन. फाइली उघडतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. जुने पेपर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टांत मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी. आत इंग्रजीचेच संकेत. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागेल. ही कटकट कधीतरी होणारच होती, नव्या विंडोजवरही.
सर वैतागले. पण मशीन परत आणतो म्हणाले नाहीत.

२० सप्टेंबर, शनिवार
सप्टेंबरचा तिसरा शनिवार. जगभर सॉफ्टवेअर फ्रीडम डे. पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा पीएलयूजी या लिनक्सवाल्यांच्या गटाकडे जायचो. पहिलं लिनक्स तिथेच टाकलं. शेजारी बसलेल्या माणसाने शेवटपर्यंत कीबोर्डला बोट लावलं नाही. तेव्हा राग आला होता.
इथे आज एकच गिऱ्हाईक. मोबाइलची काच.
संध्याकाळी भेंडाळीची मुलगी आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. चुलतभावाचा लॅपटॉप, उद्या आणते म्हणाली. आज नुसतं विचारायला आलेली. वही काढली.
"हे बनवणाऱ्यांना पगार कोण देतं?"
कुणीच नाही विचारलं हे आजवर. सांगितलं. हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस तोरवाल्ड्स. २५ ऑगस्ट १९९१ला त्याने जाहीर केलं, छंद म्हणून एक सिस्टीम लिहितोय. आज त्या गाभ्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी लोक काम करतात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. आयबीएमने २०१९मध्ये रेड हॅट चौतीस अब्ज डॉलरला घेतली. तुझ्या अँड्रॉइडच्या पोटातही तोच गाभा.
लिहून घेतलं. मग, "आणि आपण काय देतो?"
म्हटलं, चूक सापडली तर कळवता येते. भाषांतर करता येतं.
तेही लिहिलं.

२१ सप्टेंबर, रविवार
ती आली नाही. भावाने लॅपटॉप दिला नाही म्हणे.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
ई-सेवा केंद्रवाला आला. त्यालाही लिनक्स हवं. विचारलं, अंगठ्याचं यंत्र कशावर चालतं? डिजिटल सहीचं टोकन? त्याच्याकडे दोन्हीचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं. तुम्ही टाकू नका, म्हटलं. तोंड उतरलं त्याचं. पण तिथे सातबाऱ्यासाठी माणसं रांगेत उभी असतात.

२४ सप्टेंबर, बुधवार
द्राक्षवाले भाऊ. गोडी छाटणी तोंडावर, तरी वेळ काढून आले. युरोपला माल जातो. ग्रेपनेटला बागेची नोंद. कुठलं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस बाकी, सगळं एक्सेलमध्ये. रेसिड्यू निघाला तर कंटेनर अडकतो.
लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडून दाखवली. सूत्रं चालली. एका रकान्यात तारखेचा दिवस आणि महिना उलटे झाले. भाऊंच्या लगेच लक्षात आलं. मला आलं नसतं.
"हे असं झालं तर माझी बाग गेली." बरोबर आहे. तारखांचा साचा बदलायला त्यांनाच बसवलं. त्यांनी बदलला. मग प्रत्येक ओळ मूळ फाइलशी ताडून पाहिली. दोन तास.
लॅपटॉप न बदलता गेले. छाटणी झाली की येतो म्हणाले.

२७ सप्टेंबर, शनिवार
पाऊस थांबत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
रात्रभर कोसळतोय. गंगापूर धरणाचं पाणी सोडलंय. गोदेचा रंग बदलला. पुलाकडे बघायला गेलेल्यांना पोलीस मागे पाठवतात.
दुकानातलं सामान माळ्यावर. आधी लोकांच्या बॅकअपची हार्ड डिस्क, मग दुरुस्तीला आलेली मशीनं, मग माझं. भिंतीवर २०१९च्या ऑगस्टमधल्या पुराची खूण अजून आहे.
सरांचा मेसेज: माझे पेपर वर ठेवलेत ना?

३० सप्टेंबर, मंगळवार
पाणी उतरतंय. पुलाच्या कठड्यांना पाणवेलींचे गुंताडे. दरवेळचं. पाणी अडतं ते त्यांच्यामुळे, असं दरवेळी बोललं जातं, आणि पाणी ओसरलं की विसरलं जातं.
दुकान कोरडं. घरी आईचा खोकला वाढलाय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, सगळ्यांना झेंडू.
गाळ्याचे मालक सोनं द्यायला आले. इकडचं तिकडचं बोलले. जाताना: "दिवाळीनंतर जरा बोलू."

५ ऑक्टोबर, रविवार
भेंडाळीची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. भावाची अट: विंडोज राहिलं पाहिजे.
म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी. आधी बिटलॉकर चालू आहे का ते बघ. असेल तर चावीचे आकडे कागदावर उतरवून ठेव, कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नकोस. मग फास्ट स्टार्टअप बंद. मग विंडोजमधूनच जागा कमी कर. मग मिंट.
प्रत्येक ठिकाणी "का?" फास्ट स्टार्टअप का बंद? कारण बंद केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, डिस्क अर्धी धरून ठेवतं. लिनक्सने तिथे लिहिलं तर घोटाळा. हे ऐकल्यावरच तिने खूण काढली.
मग मराठी. कीबोर्डच्या यादीत भारत, त्यात मराठी, इनस्क्रिप्ट. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. पहिला शब्द सायखेडा, एकही जोडाक्षर नाही, सोपा. दुसरा शेतकऱ्यांना. तिथे अडली. मी बोललो नाही. शिफ्ट दाबून एकेक अक्षर बघत गेली. जे वर ऱ सापडला, डी वर हलन्त, मग या.
उजेड गेला तरी बसली होती. शेवटची बस चुकली. सरांनी गाडीवर सोडलं.

६ ऑक्टोबर, सोमवार
कोजागरी. आईला दूध चालत नाही. मी एकट्याने प्यालो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत. लिनक्सचे, लिब्रेऑफिसचे. छोटे छोटे व्हिडिओ, बघत बघत आपण करायचं. पेन ड्राइव्हवर भरून ठेवले. नेट नसलेल्यांना द्यायला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी शटर उघडायच्या आत लोक. व्हॉट्सॲपवर फिरतंय: आजपासून विंडोज १० बंद, कॉम्प्युटर चालू करू नका, बँकेतले पैसे जातील.
एकेकाला सांगितलं. मशीन बंद पडणार नाही. आजपासून सुरक्षेचे फुकट अपडेट थांबतात, एवढंच. नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतील. घाई नको.
निम्मे लोक नाराज होऊन गेले. घाबरून आलेल्या माणसाला घाई नको म्हटलं की त्याला वाटतं, हा टाळतोय.
दूध डेअरीवाले आप्पा मात्र थांबले. "मला हिशेब नाही करायचा. नातू अमेरिकेत. तोंड दिसलं पाहिजे आणि भजन लागलं पाहिजे. मी टाकू शकेन का?"
वय बहात्तर. रविवारी या म्हटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार
कांद्याला भाव नाही. दुकानात कोणी नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
दिवाळी, म्हणून बंद ठेवणार होतो. आप्पा आलेच. बरोबर भेंडाळीची मुलगी, फराळाचा डबा द्यायला आलेली. आप्पांच्या मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क. पेन ड्राइव्हवरूनही मिंट रखडत चालतंय. एसएसडी टाकली तर पळेल. पाडव्यानंतर आणतो म्हणाले.
मुलीने वहीतून एक पान फाडून भिंतीवर लावलं. तिच्या अक्षरात पायऱ्या. पहिली ओळ: पाणी यायच्या आधी धान्य माळ्यावर टाकतो, तसा आधी बॅकअप. चेकसमबद्दल मी दहा मिनिटं बोलतो. तिची एक ओळ: आकडा जुळला नाही तर फाइल टाकून द्या, पुन्हा उतरवा.
माझी बूटच्या किल्ल्यांची यादी तिच्या पानाखाली गेली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
मालक आले. मोबाइल शोरूमवाल्याने दुप्पट भाडं कबूल केलंय. मला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत. चांगला माणूस आहे. चहा घेतला, आईची चौकशी केली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
घरी सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
अवकाळी. द्राक्षवाले भाऊ फवारणीतून बाहेर नाहीत. बागेवर डाऊनी रोग. फोनवर दोन मिनिटं: "लिनक्सचं आता पुढच्या वर्षी."

२ नोव्हेंबर, रविवार
सरांना गाळ्याचं कळलं. कुठून कळलं माहीत नाही. म्हणाले, शाळेत प्रयोगशाळा आहे. कॉम्प्युटर आहेत, बंद. रविवारी तिथे बसा.
मुख्याध्यापकांकडे गेलो. परवानगी कुणाची, वीजबिल कुणाचं, बिघडलं तर जबाबदार कोण. सगळे प्रश्न रास्त. सरांनी केरळचं सांगितलं. तिथे सरकारी शाळांचे कॉम्प्युटर लिनक्सवरच चालतात, काइट नावाची सरकारी संस्था ते बघते. मुख्याध्यापक म्हणाले, "ते केरळ आहे." मग जरा वेळाने, "एक मशीन करून दाखवा."

४ नोव्हेंबर, मंगळवार
प्रयोगशाळा उघडली. धूळ, पाली, प्लॅस्टिकची आवरणं. काही मशीन ३२ बिटची. मिंट २२ फक्त ६४ बिटवर. डेबियन १३ ऑगस्टमध्ये आलं, त्यात ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकलाय. मिंटची डेबियनवरची आवृत्ती, एलएमडीई ६, त्यांना अजून चालेल. फार काळ नाही.
बाकीच्यांत दोन-दोन जीबी रॅम. एकाची काढून दुसऱ्यात घालायची. निम्मी मशीन तरी उभी राहतील.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आईला घेऊन नाशिकला. दिवसभर तपासण्या. फोन बंद ठेवावा लागला.
संध्याकाळी चालू केला तर मुलीचे मिस्ड कॉल. मग मेसेज: आप्पा एसएसडी घेऊन आलेत, काय करू? मग: चालू करतेय. मग: वायफाय दिसत नाही. मग बराच वेळ काही नाही. मग: झालं.
परत फोन केला. वायफायच्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागत होता, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट. तिने मोबाइल केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला. मी तिला हे कधी दाखवलं नव्हतं.
"कसं सुचलं?"
"पाणी नळाला नाही तर टँकर लावतात ना."
मागून आप्पांचा आवाज, नातवाशी बोलत होते. ओरडूनच. अमेरिका लांब आहे म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार
आईचे रिपोर्ट सोमवारी.

९ नोव्हेंबर, रविवार
मुलगी चिडून आली. मेन्यू अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत. आप्पा गोंधळतात. हे कुणाला सांगायचं?
लाँचपॅड दाखवलं. मिंटचं भाषांतर तिथेच होतं. खातं काढलं तिने. इंग्रजी ओळ, खाली रिकामी चौकट. मराठीत किती चौकटी रिकाम्या आहेत ते बघत बसली.
पहिलीच ओळ भरताना आमचं भांडण. मला पुस्तकी शब्द सुचत होता. ती म्हणाली, आप्पांना कळेल तोच लिहायचा. तिचा लिहिला. आता तो कुणीतरी तपासणार. कधी, ते सांगता येत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
रिपोर्ट बरे आहेत. औषध महिनाभर.

१६ नोव्हेंबर, रविवार
शाळेतलं पहिलं मशीन. मुख्याध्यापक मागे हात बांधून उभे. खुर्चीवर आठवीतलं एक पोरगं, सरांनी निवडलेलं. शेजारी मुलगी. मी आणि सर दारात.
पोराला 'इरेज डिस्क'ची भीती वाटली नाही. धाडकन एंटर. मुख्याध्यापकांचा श्वास अडकला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
परवानगी आली. तोंडी. लेखी नंतर.
गाळ्याचं कपाट विकायला काढलं. दुरुस्तीचं टेबल घरी पडवीत बसेल. वीजमीटर वेगळा घ्यावा लागेल. पाटीचं बघू.

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रयोगशाळेत गर्दी. एका खुर्चीवर दोघं दोघं. रॅम काढताना एकाने स्लॉटची कडी मोडली. चालतंय तरी.
ते आठवीतलं पोरगं दुसऱ्या मशीनवर. नकाशावर थांबलं.
"ताई, कोलकाता का? मुंबई का नाही? सायखेडा का नाही?"
मी पुढे झालो होतो. मुलगी आधीच बोलायला लागली. जगातल्या वेळांची एक यादी आहे, लिनक्सवरचे सगळे कॉम्प्युटर तीच वापरतात. त्या त्या भागातल्या मोठ्या शहराचं नाव घ्यायची पद्धत. ती यादीही लोकच सांभाळतात. आधी तिथे कलकत्ता होतं. २००८ला कोलकाता झालं.
"म्हणजे बदलतं?"
"बदलतं. सायखेडा होणार नाही. पण का होणार नाही हे विचारता येतं. यादी सांभाळणाऱ्यांचा पत्ता उघडा आहे."
पोरगं खुर्ची सरकवून तिच्याकडे वळलं.
"मग मी विचारतो. पत्ता दाखवा."